जॅक उचलतो, धरत नाही : घरच्या घरी गाडी व ट्रॅक्टर उचलताना घ्यावयाची काळजी

एटापल्ली तालुक्यात पाऊस लागला, की भाताच्या बांध्यांत चिखलणीची घाई सुरू होते. ट्रॅक्टरची मागची रबरी चाके उतरवून लोखंडी केजव्हील चढविण्याचे काम त्याच दिवसांत, बहुधा घरच्या अंगणातच उरकले जाते. जीप वा कारचे चाक पंक्चर झाले, ब्रेक पाहायचे झाले, तर आडगावातून मेकॅनिकसाठी एटापल्ली किंवा आलापल्ली गाठावी लागते. म्हणून पुष्कळ शेतकरी बंधू हे काम स्वतःच करतात. त्यात गैर काही नाही. परंतु उचललेल्या गाडीखाली झालेली चूक सुधारण्यास दुसरी संधी क्वचितच मिळते.

प्रस्तुत लेखकाला हा धडा स्वतःच्या अंगणात मिळाला. श्रावणातल्या एका दुपारी पंक्चर झालेले मागचे चाक काढण्यासाठी कार उचलली. चाक हाती आले आणि त्याच वेळी जॅकचा एक काठ ओल्या मातीत रुतला. गाडी तिरकी होऊन खाली बसली. हात बाहेर होता म्हणून बोटे वाचली. जॅक चांगला होता. त्याच्याखालची जमीन आणि आमची पद्धत चुकीची होती.

जमीन का दगा देते?

समजा, गाडीच्या एका कोपऱ्याचे ८०० किलो वजन जॅकवर आले आणि जॅकचा तळ १० सेंमी लांब व १० सेंमी रुंद आहे. म्हणजे १०० चौरस सेंमी जागेवर ८०० किलो, अर्थात दर चौरस सेंमीला ८ किलो भार पडतो. ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या पावलाखाली हा भार सुमारे ०.४ किलो असतो. पावसाळ्यात माणसाचे पाऊल रुतते त्या मातीवर आपण त्याच्या वीसपट भार ठेवतो! आता जॅकखाली ४० सेंमी लांब-रुंद व किमान ५ सेंमी जाड लाकडी फळी ठेवली, तर तोच भार १,६०० चौरस सेंमीवर पसरून दर चौरस सेंमीला अर्धा किलो होतो. फळी पातळ असल्यास ती वाकते व भार पसरत नाही. टाच रुतेल इतकी ओली जागा मात्र फळी असली तरी टाळावी. सपाट, टणक मुरमाची किंवा सिमेंटची जागा निवडावी.

गिअरवर विसंबू नये

‘गाडी गिअरमध्ये आहे, सरकणार कशी?’ हा समज घातक आहे. वळणावर दोन्ही चाकांना कमी-अधिक फिरता यावे, म्हणून इंजिनाची ताकद चाकांना डिफरन्शियलमधून मिळते. त्यांपैकी एक चाक अधांतरी झाले, की ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक गिअर असूनही पुढे सरकते. म्हणून हँडब्रेक ओढावा, गिअरही टाकावा. पण खरा भरवसा जमिनीवरच्या चाकांना पुढून व मागून लावलेल्या लाकडी पाचरांवर ठेवावा.

आधार कशाचा द्यावा?

हायड्रॉलिक जॅकमधील सारे वजन तेलावर तोललेले असते. आतील सीलमध्ये कचरा अडकला किंवा ते झिजले, तर जॅक हळूहळू अथवा एकाएकी बसतो. गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. म्हणून गाडी उचलल्यावर तिचे वजन लोखंडी स्टँडवर किंवा आडव्या-उभ्या रचलेल्या जाड, न चिरलेल्या लाकडी ठोकळ्यांवर घ्यावे. स्टँडखालीही फळी हवीच. विटा व दगड आधाराला कधीही वापरू नयेत. ते कोणतीही सूचना न देता फुटतात.

ट्रॅक्टरसाठी विशेष सूचना

ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मध्यभागी एका पिनेवर झुलतो. त्यामुळे मागची एक बाजू उचलताच ट्रॅक्टर कुशीवर कलण्याचा धोका असतो. उचलण्यापूर्वी पुढच्या अॅक्सलवर, दोन्ही बाजूंनी, अॅक्सल व वरच्या सांगाड्यामधील फटीत लाकडी पाचरी घट्ट बसवाव्यात. जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे. मागच्या टायरमध्ये पाणी भरले असल्यास चाक फार जड असते. ते एकट्याने उतरवू नये. ट्रॉलीचा हौदा उचलून खाली काम करताना मजबूत टेकू लावल्याशिवाय डोके आत घालू नये.

कामाचा क्रम

१. इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. मुले व जनावरे दूर ठेवावीत.
२. चाकांना पाचरी लावाव्यात.
३. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. वर उचलल्यावर पान्याला दिलेल्या झटक्याने गाडी जॅकवरून घसरते.
४. वजनाला पुरेल असा जॅक कंपनीने दाखविलेल्या जागीच लावावा. पातळ पत्र्याखाली लावू नये.
५. गरजेपुतेच उचलावे व लगेच स्टँड लावावा. मग गाडी बाहेरूनच हलवून पाहावी. डगमगल्यास उतरवून पुन्हा सुरुवात करावी.
६. काढलेले चाक गाडीच्या सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. गाडी घसरलीच, तर चाकाच्या जाडीएवढी जागा शिल्लक राहते.
७. चाक बसवून गाडी खाली घेतल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने पक्के आवळावेत.

अपघात झालाच तर

हे काम एकट्याने करू नये. सोबत्याने जवळ दुसरा जॅक व ठोकळे तयार ठेवावेत. कोणी खाली सापडल्यास त्यास ओढू नये. छाती दबली असेल तर श्वास काही मिनिटांतच थांबतो, म्हणून लगेच गाडी उचलून ठोकळे सरकवावेत. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हात-पाय बराच वेळ दबलेला असेल, तर वजन काढल्यानंतर प्रकृती एकाएकी ढासळू शकते. म्हणून बाहेरून जखम दिसत नसली तरी अशा व्यक्तीला दवाखान्यात नेलेच पाहिजे. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला म्हणजे आपल्या भागात दवाखाना आणखी लांब होतो, हे विसरू नये.

दोन स्टँड, दोन फळ्या आणि चार पाचरी यांना फार खर्च नाही. पाचरी व फळ्या गावचा सुतारही करून देईल. यंदा केजव्हील चढविण्यापूर्वी हे सामान गोळा करावे आणि घरातील तरुण मुलांनाही एकच गोष्ट शिकवावी : जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, आपला जीव त्याच्यावर टांगण्यासाठी नाही.