चालू सर्व्हरमधली डिस्क कशी बदलतात?

मुलांनो, घरातला पंखा दुरुस्त करायचा तर आपण आधी बटण बंद करतो. बँकेचा किंवा इस्पितळाचा सर्व्हर असा बंद करून चालत नाही. असे पुष्कळ सर्व्हर युनिक्सवर (जन्म १९६९, अमेरिकेतील बेल लॅब्ज) किंवा त्याच्याच वळणाच्या लिनक्सवर चालतात. त्यांतली डिस्क बिघडली तर बहुतेक वेळा काम चालू असतानाच ती काढून नवी बसवतात. मग जुन्या डिस्कवरची माहिती कुठून येते?

गंमत साध्या बेरजेत आहे. तीन वह्यांत एकेक आकडा लिहा : ७, ५, ९. चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहा : २१. आता दुसरी वही हरवली. २१ मधून ७ आणि ९ वजा करा. ५ परत मिळाले! डिस्कवर फक्त ० आणि १ असतात, म्हणून संगणक पूर्ण बेरीज न ठेवता ती सम की विषम एवढेच टिपतो. या पद्धतीला 'रेड' हे नाव मिळाले ते १९८८ साली, बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधातून. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क घ्या, असे त्यांचे म्हणणे. पण डिस्क जास्त, तर बिघडणाऱ्याही जास्त. म्हणून ही बेरजेची वही.

आता क्रम पाहा. लिनक्सला आधी सांगायचे, अमुक डिस्क नापास. मग ती यादीतून काढायची, हाताने ओढायची, नवी बसवायची आणि यादीत जोडायची. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. खरी जोखीम ओढण्यात आहे. सगळ्या डिस्क दिसायला सारख्या! म्हणून डिस्कवरचा क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतात. चुकून चांगली ओढली तर दोन वह्या गेल्या, आणि एका बेरजेतून दोन आकडे निघत नाहीत. नवी डिस्क भरायला कित्येक तास लागतात. तोवर दुसरी बिघडली तरी तीच गत.

पालकांसाठी दोन शब्द. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पुसण्याचा हुकूम आला की रेड तोही इमानेइतबारे पाळते. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या दिवसांत, 'शमून' नावाच्या व्हायरसने सौदी अरामकोच्या सुमारे ३०,००० संगणकांवरील माहिती पुसली. ते संगणक विंडोजवरचे होते आणि त्यांच्या डिस्क बिघडलेल्या नव्हत्या, तरी माहिती गेली. तेल काढण्याची यंत्रणा वेगळ्या जाळ्यावर होती, म्हणून ती वाचली. घरच्या फोटोंची एक प्रत संगणकापासून सोडवून कपाटात ठेवलेली बरी. आणखी एक भारतात आजी-आजोबांकडे असली तर फारच उत्तम.

शब्दार्थ : ताडून पाहणे – जुळते का ते बघणे, इमानेइतबारे – प्रामाणिकपणे.

स्वाध्याय : (१) वह्यांत ४, ८, ?, ६ आहेत आणि बेरीज २५. हरवलेला आकडा कोणता? (२) १, ०, ? यांची बेरीज सम आहे. प्रश्नचिन्हाच्या जागी ० की १? उत्तरे पुढच्या वर्गाला आणा.