धावण्याचा सराव : प्रारंभ कसा करावा?

वर्धा जिल्ह्याला पायी चालण्याचा संस्कार नवा नाही. १९३६ साली महात्मा गांधी शेगाव येथे राहावयास आले व १९४० मध्ये या गावाचे नामकरण सेवाग्राम असे झाले. तेथील त्यांच्या दिनक्रमात सकाळ-संध्याकाळच्या फेरीस निश्चित स्थान होते. आज खेड्यापाड्यांतील तरुण-तरुणी पहाटे धावण्याचा सराव करतात तो बहुधा भरतीसाठी. पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. प्रौढ नागरिकही मधुमेह व रक्तदाब यांच्या धास्तीने धावू लागले आहेत. हा उत्साह स्वागतार्ह आहे. मात्र त्यास क्रमाची जोड नसेल तर तो घातक ठरू शकतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले.

घाई का नको?

नियमित व्यायामास हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. हाडे, स्नायुबंध व सांधे यांना मात्र त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून दम टिकू लागला तरी पाय तयार झालेले नसतात. नडगीचे दुखणे, गुडघ्याची सूज व हाडांना पडणाऱ्या सूक्ष्म भेगा यांचे मूळ बहुतांशी या तफावतीत आहे.

१९६० नंतरच्या दशकात न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी सामान्य मध्यमवयीन नागरिकांना संथ धावण्याची गोडी लावली. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ती पद्धत तेथे पाहिली आणि १९६७ मध्ये एका डॉक्टरांच्या सहकार्याने त्यावर पुस्तक लिहिले. या पद्धतीची कसोटी सोपी आहे : धावता धावता सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग अधिक आहे, असे समजावे.

आधी तपासणी

वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि तंबाखू-खर्ऱ्याचे व्यसन असणाऱ्यांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखणे किंवा भोवळ येणे हा अनुभव असल्यास वय कितीही असो, तपासणी टाळू नये. मुलींच्या बाबतीत रक्तक्षयाची शक्यता लक्षात घ्यावी.

विदर्भात सिकलसेल आजाराकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना धावू नये. केवळ वाहक असलेली व्यक्ती एरवी निरोगी असते. तथापि कडक ऊन, शरीरातील पाण्याची कमतरता व अतिश्रम हे एकत्र आल्यास तिलाही क्वचित गंभीर धोका संभवतो. आपली रक्तस्थिती सराव सुरू करण्यापूर्वीच जाणून घेणे हिताचे आहे.

दहा आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटे झपाझप चालणे.

तिसरा व चौथा : १ मिनिट संथ धावणे, २ मिनिटे चालणे, अशी ८ आवर्तने.

पाचवा व सहावा : २ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ८ आवर्तने.

सातवा व आठवा : ५ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ४ आवर्तने.

नववा व दहावा : सलग २० मिनिटे संथ धावणे.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीनच दिवस धावावे. प्रत्येक वेळी आरंभी व अखेरीस ५ ते १० मिनिटे चालावे. एखादा टप्पा जड गेल्यास तोच पुन्हा करावा. वेगाचा सराव या दहा आठवड्यांनंतरच हाती घ्यावा. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. परंतु हाडावर एकाच जागी बोट ठेवता येईल अशी वेदना असल्यास धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

ऊन, पाऊस आणि रस्ता

मे महिन्यात जिल्ह्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. नवशिक्याने प्रारंभासाठी हिवाळा निवडावा. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारासच सराव आटोपावा, आधी व नंतर पाणी प्यावे. डोकेदुखी, मळमळ वा चक्कर जाणवताच थांबावे. असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीस सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

पावसाळ्यात काळ्या मातीवर पाय घसरतो व अंधारात सापाचे भय असते. तेव्हा विजेरी जवळ बाळगावी. रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिकट रंगाचे कपडे घालून चालावे वा धावावे. महामार्ग टाळावा.

गावाचे दायित्व

भरतीची जाहिरात निघाल्यावर सराव सुरू करणाऱ्याकडे हे दहा आठवडे नसतात. यास्तव शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा क्रम आधीच समजावून द्यावा. ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानाचे सपाटीकरण, पहाटेचा दिवा व पिण्याचे पाणी एवढी सोय केली, तरी मुले रस्त्यावरून मैदानावर येतील. मुलींना त्यामुळे निर्धास्तपणे धावता येईल. खर्च अल्प आहे; त्यातून वाचणारे जीव मोलाचे आहेत.