सलोख्याची यात्रा

परभणी जिल्ह्याचा जुना नकाशा पाहिलात, तर त्यात नरसी हे गाव तुम्हांला सापडेल. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा निराळा जिल्हा झाला आणि नरसी त्यात गेले. संत नामदेवांचा जन्म या गावी झाला, असे परंपरा मानते. आगगाडी नव्हती, पक्की सडक नव्हती, अशा काळी नामदेव भक्तीचा संदेश घेऊन दूर पंजाबात गेले. घुमान या गावी त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट केलेली आहेत. पुढे शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग गोदातीरी नांदेडला आले आणि १७०८ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. असे हे आपल्या प्रदेशाचे आणि पंजाबचे जुने नाते!

या नात्याची कसोटी पाहणारा काळ १९८४ साली आला. पंजाबात हिंसाचाराचा वणवा पेटला होता. ३१ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्यानंतर दिल्लीत व इतरत्र हजारो शिखांना ठार मारण्यात आले. त्या हत्येशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. दोघांच्या अपराधाची शिक्षा साऱ्या समाजाला देण्यात आली. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला.

हे पाहून बाबा आमटे अस्वस्थ झाले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना जवळ करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे ते हे बाबा. तुटलेली माणसे जोडणे हेच त्यांचे जीवनकार्य होते. त्यांनी तरुणांना हाक दिली. २४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जन्मदिनी, कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून निघाले. या उपक्रमाचे नाव होते 'भारत जोडो'. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती. पाठीच्या व्याधीमुळे त्यांना बसता येत नसे. तरीही वाहनात आडवे पडून ते मुलांबरोबर गेले. सुमारे ५,००० किलोमीटरचा प्रवास करून, होरपळलेल्या पंजाबातून पुढे जात, एप्रिल १९८६ मध्ये यात्रा जम्मूला पोहोचली. १९८८ साली अशीच दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्याकडे निघाली.

या यात्रेने पंजाबातील हिंसा थांबली का? नाही. पुढे कित्येक वर्षे तेथे रक्त सांडत राहिले. मग ही यात्रा व्यर्थ गेली काय? मुलांनो, याचा नीट विचार करा. आग विझविणे हे एका दिवसाचे काम असू शकेल. पण मनातील भय घालविणे हे दीर्घकाळाचे काम आहे. ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्याविषयीची अफवा चटकन खरी वाटते. ज्याच्या घरची भाकरी आपण खाल्ली, ज्याचे दुःख त्याच्याच तोंडून ऐकले, त्याच्यावर दगड उचलताना हात अडखळतो. माणसांची अशी ओळख करून घेणे, हाच त्या यात्रेतील खरा अभ्यास होता.

या अभ्यासासाठी कन्याकुमारी गाठलीच पाहिजे, असे नाही. परभणी शहरात दरवर्षी फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. हिंदू व मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जातात. तुमच्या गावातही अशी एखादी आळी असेल, जिच्याविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले आहे, पण जिथे तुम्ही कधी गेला नाहीत. पहिली यात्रा तेथपर्यंतची करा. तेथे काही शिकवायला जाऊ नका, ऐकायला जा.

अभ्यास
१. नामदेवांमुळे महाराष्ट्र व पंजाब यांचे नाते कसे जुळले?
२. 'दोघांच्या अपराधाची शिक्षा साऱ्या समाजाला देण्यात आली.' यात कोणता अन्याय आहे?
३. हिंसा थांबली नाही, तरी यात्रा व्यर्थ गेली नाही, असे लेखकाला का वाटते? तुम्हांला काय वाटते?
४. आपल्या गावातील दुसऱ्या आळीला भेट द्या आणि तेथे जे ऐकले, ते दहा ओळींत लिहा.