विजेची सूचना देणारे ‘दामिनी’

वळवाच्या पावसात वीज पडून शेतात राबणारी माणसे व झाडाखाली बांधलेली जनावरे दगावतात. हा धोका वेळीच कळावा म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप तयार केले आहे. आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटरच्या परिसरात विजा होत असल्यास ते सूचना देते.

वापर : फोनवरील ‘लोकेशन’ व इंटरनेट चालू ठेवावे. शेतावर निघण्यापूर्वी फोन पूर्ण चार्ज करावा.

मर्यादा : शिवारात रेंज नसल्यास सूचना येत नाही. म्हणून फोन गप्प असला तरी आभाळ निर्धोक आहे असे समजू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. मोजणी ३० च्या आत भरल्यास वीज १० किलोमीटरहून जवळ आहे. काम तत्काळ थांबवावे.

दक्षता : पक्क्या घराचा आसरा घ्यावा. झाड, तारेचे कुंपण व पाणी यांपासून दूर राहावे. आसरा नसल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे होऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्यास निःशंक हात लावून उपचार करावेत व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गुराखी व शेतमजूर यांच्यापाशी पुष्कळदा असा फोन नसतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सूचना मिळताच ती ध्वनिक्षेपकावरून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.