रंगाचा हात

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली ही प्रीमियर पद्मिनी आजोबांनी नोकरीत असताना विकत घेतली. इसवी सन 2000 च्या सुमारास या मोटारींचे उत्पादन बंद झाले. परंतु आमची पद्मिनी मात्र अजून चालते. तिचे इंजिन धडधाकट आहे. गतवर्षी तिचा रंग मात्र पार गेला होता. टपावर पापुद्रे सुटले होते, दारांच्या खालच्या कडांना गंज चढला होता आणि डिकीवर एक मोठा पोचा होता.

बाबांनी गावातील एका कारखान्यात रंगाची चौकशी केली. तेथील रंगारी फवाऱ्याने रंग मारीत. त्यांनी सांगितलेली रक्कम बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. त्या रात्री बाबा आईला हळूच म्हणाले, "गाडी भंगारात द्यावी हेच बरे. गंज असाच वाढला, तर दोन पावसाळ्यांत पत्रा फुटेल."

ओसरीवर बसलेल्या आजोबांनी ते ऐकले. ते काहीच बोलले नाहीत. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी अगदी मंदावली आहे. तरीही रोज सकाळी अंगणात जाऊन मोटारीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवायचा हा त्यांचा नेम होता. गाडी गेल्यावर ते सकाळी काय करतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मला झोप लागेना.

दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरहून मामा आले. त्यांनी सगळा प्रकार ऐकला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आपणच रंगवू या. फवारा नको. दाराखिडक्यांना लावायचा एनॅमल रंग आणि स्पंजाचा लहान रोलर एवढे पुरे. पैसे थोडे लागतील, श्रम मात्र पुष्कळ लागतील. आहे का तयारी?"

"आहे!" मी म्हणालो.

मला वाटले, उद्या सकाळी रंगाचा डबा उघडायचा आणि संध्याकाळी गाडी नवी! परंतु पहिले पाच दिवस डबा बंदच होता. प्रथम आम्ही गाडी धुतली. मग मामांनी जुना रंग आणि गंज घासून काढण्यास प्रारंभ केला. ते काम त्यांनी मला करू दिले नाही. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ विषारी असते. म्हणून मामा नाकातोंडाला मुखवटा बांधीत आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घाशीत, म्हणजे धूळ उडत नसे.

लोखंड उघडे पडले तेथे त्यांनी गंज थोपविणारे लाल अस्तर दिले. पोचा भरून काढण्यासाठी त्यांनी एक घट्ट लगदा लावला. रंगारी त्याला 'लांबी' म्हणतात. लांबी वाळल्यावर ती घासून पत्र्याशी सपाट केली आणि सगळ्या गाडीला पांढऱ्या अस्तराचा एक हात दिला. रंगाच्या एका थराला रंगारी 'हात' म्हणतात, हे मला तेव्हा कळले. काचा, दिवे आणि दारांच्या मुठी वर्तमानपत्राच्या कागदांनी झाकण्याचे काम माझे होते.

"मामा, एवढी तयारी कशासाठी?" मी कंटाळून विचारले.

मामा हसले. "अरे, लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. रंगाने त्यांना वेगळे ठेवायचे असते. खाली गंज ठेवून वर रंग दिला, तर गंज आतल्या आत पसरतो आणि रंगाला उचलून फेकतो."

सहाव्या दिवशी डबा उघडला. रंग पूर्वीचाच, दुधी पांढरा. गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. तो बदलला तर नोंदणीतही बदल करून घ्यावा लागतो. मामांनी रंगात टर्पेंटाइन मिसळून तो चांगलाच पातळ केला. "सायीसारखा नको, दुधासारखा हवा," ते म्हणाले. टर्पेंटाइन लवकर पेट घेते आणि त्याची वाफ श्वासाला बाधते. म्हणून सर्व काम उघड्या अंगणात, चुलीपासून दूर चालले होते.

पहिला हात दिला आणि माझा विरस झाला. खालचे अस्तर सगळीकडे दिसत होते. मी म्हणालो, "थोडा जाड लावला असता तर एका हातात काम झाले असते!"

मामांनी एका मोडक्या पत्र्यावर जाड रंग लावून तो उभा करून ठेवला. थोड्याच वेळात रंगाचे ओघळ खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो वर साय धरलेली आणि आत रंग ओलाच! मामांनी मला त्याचे कारण सांगितले. एनॅमल रंग दोन टप्प्यांनी वाळतो. प्रथम टर्पेंटाइन उडून जाते. मग रंगातील तेलकट द्रव्य हवेतील प्राणवायू शोषून कठीण होते. थर जाड असला, तर वरचा पापुद्रा आधी कठीण होतो आणि आत प्राणवायू पोहोचण्यास फार वेळ लागतो. काय नवल आहे पहा! जो प्राणवायू लोखंडाला गंजवितो, तोच रंगाला बळकट करतो.

पातळ रंगाचा आणखी एक गुण मी डोळ्यांनी पाहिला. रोलर फिरला की रंगावर बारीक बुडबुडे उठत. परंतु रंग पातळ असल्यामुळे ते लवकर फुटत आणि पृष्ठभाग आपोआप बराच सपाट होई. तरीही थोडा खरखरीतपणा उरेच. म्हणून दर दोन हातांनंतर दोन दिवस थांबायचे आणि बारीक पॉलिश पेपरने, पाणी घालीत, सगळी गाडी हलकेच घासायची. असे एकूण सहा हात द्यायचे होते.

संध्याकाळी मामा गोष्टी सांगत. पहिल्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच कुंचल्याने रंगवीत आणि त्या कामास कित्येक आठवडे लागत. अमेरिकेत फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' मोटार इसवी सन 1914 ते 1925 पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळे. इसवी सन 1923 मध्ये जनरल मोटर्सने लवकर वाळणारा नवा रंग काही मोटारींसाठी वापरला. असा रंग फवाऱ्याने देत. त्यामुळे आठवड्यांचे काम थोड्या अवधीत होऊ लागले. "आपण मात्र जुन्या लोकांच्या वाटेने निघालो आहोत," मामा म्हणाले. "ते अनेक हात देत आणि मधूनमधून घाशीत. आपणही तेच करतो आहोत."

चार हात झाले. आता दुसऱ्यांदा घासायचे होते. मामांनी बॉनेट आणि टप घेतले आणि डिकी माझ्याकडे सोपविली. मी काम सुरू करतो तोच मित्र बोलवायला आले. मैदानावर क्रिकेटचा सामना होता. डिकी तर दुरून छान चकाकत होती. मी तिच्यावर पाणी ओतले, एका कोपऱ्यात चार वेळा कागद फिरविला आणि ओरडलो, "मामा, झाली घासून!"

"सगळी?" मामांनी पलीकडून विचारले.

"सगळी," मी म्हणालो आणि धावत सुटलो.

पुढचे दोन हात झाले. मामांनी शेवटची घासणी केली आणि मेण लावून गाडी पुसली. गाडी अशी उजळली की शेजारीपाजारी पाहावयास आले. बाबा दोनदा तिच्याभोवती फिरले. भंगाराचे नाव पुन्हा निघाले नाही.

मग आजोबा काठी टेकीत अंगणात आले. "पांढरेपणा तेवढा दिसतो मला," ते म्हणाले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. सावकाश हात फिरवीत ते टपाकडे गेले, दारांकडे गेले. त्यांचा चेहरा फुलला होता. शेवटी ते डिकीपाशी आले आणि त्यांचा हात थांबला.

"येथे कोणाचा हात होता?" त्यांनी विचारले. "हे संत्र्याच्या सालीसारखे लागते."

मामा वाकून पाहू लागले. उन्हात डिकी चकाकत होती; त्यांना काही दिसेना. "रोलरचा दोष असेल, अण्णा," ते म्हणाले. "कोठे कोठे राहतोच."

मी गप्प राहिलो असतो तर ती गोष्ट तेथेच संपली असती. परंतु आजोबांचा हात अजून त्याच जागी होता. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आजोबा, दोष रोलरचा नाही. मी डिकी घासलीच नव्हती. मामांना मी खोटे सांगितले."

कोणीच बोलले नाही. बाबांच्या कपाळाला आठी पडली. आजोबांनी चाचपडत माझा हात धरला, तो डिकीवर ठेवला आणि मग बॉनेटवर नेला. दोन्ही ठिकाणचा फरक मला डोळे मिटूनही कळला.

"मी उद्या कोल्हापूरला जाणार," मामा म्हणाले. "डबा, रोलर आणि कागद ठेवून जातो. पुढचे सगळे तुला ठाऊक आहे."

शाळा सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरी आल्यावर मी डिकी घाशीत असे. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसत आणि मधूनमधून हात फिरवून म्हणत, "अजून आहे." चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आता दे रंग." मी दुधासारखा पातळ रंग केला, एक हात दिला आणि एक दिवस थांबलो. दुसरा हात देऊन तो चांगला वाळू दिला. मग पुन्हा हलकेच घासून मेण लावले.

रविवारी सकाळी आजोबा डिकीपाशी आले. त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तळहात फिरविला. तो कोठेही अडला नाही. मग ते काठीने वाट शोधीत पुढच्या दारापाशी गेले, ते उघडून आत बसले आणि बाबांना म्हणाले, "चल, संगम माहुलीपर्यंत जाऊन येऊ. मुलालाही घे."

अभ्यास

1. मामांनी रंगाचा डबा पहिले पाच दिवस का उघडला नाही?
2. जाड रंग आतून लवकर का वाळत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.
3. डिकीतील दोष मामांना दिसला नाही. तो आजोबांना कसा कळला?
4. 'मी गप्प राहिलो असतो तर ती गोष्ट तेथेच संपली असती.' मुलगा गप्प का राहिला नसेल?
5. 'हात' या शब्दाचे या पाठात आलेले निरनिराळे अर्थ शोधा आणि प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.