कथाखेळातला नकाशा : उपयोग कसा आणि मालकी कोणाची?



परिसर अभ्यासात नकाशा आला की दिशा, प्रमाण आणि सूची या तीन गोष्टी आपण मुलांना शिकवतो. आज याच गोष्टी एका खेळातून बघू. सोबत चौथी गोष्टही घेऊ, ती म्हणजे नकाशाची मालकी.

खेळ कोणता?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू "मी दार ढकलतो" असं म्हणतो आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. भुयारात कोणती खोली कुठे, हे कळायला नकाशा लागतो.

कामाचा नकाशा कसा ओळखाल?

नकाशा देखणा असला म्हणजे कामाचा असतोच असं नाही. चार गोष्टी तपासा.

१. प्रमाण : या खेळात १ इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट धरतात. मग १५ फुटांची खोली किती चौकोनांची? मुलं पटकन सांगतात, तीन!

२. क्रमांक : खोलीवर फक्त आकडा हवा. तिची माहिती वहीत त्याच आकड्यापुढे. सगळं नकाशावरच लिहिलं तर गर्दी होते.

३. दोन प्रती : गुप्त दार सूत्रधाराच्या प्रतीत दिसायला हवं, खेळाडूंच्या प्रतीत नको.

४. छपाई : ३० × २० चौकोनांचा नकाशा खऱ्या मापात छापायला ए-फोरचे ८-९ कागद लागतात. त्यात काळी पार्श्वभूमी असेल तर शाई संपलीच म्हणून समजा.

मालकी कोणाची?

"नेटवर मिळाला, म्हणजे फुकट" असं आपण सहज म्हणतो. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशाही कलाकृतीत मोडतो. काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्यानंतर ६० वर्षे हक्क राहतो. अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्या कॉपीराइट कायद्यातही पुस्तकांच्या जोडीला नकाशे होतेच. नकाशाची फाइल विकत घेतली तरी आपल्याला मिळते ती एक प्रत. ती गटात वाटायचा हक्क त्यासोबत येत नाही.

मात्र कल्पनेवर कोणाची मालकी नसते. 'तीन खोल्या, एक विहीर, एक गुप्त दार' ही कल्पना घेऊन स्वतःच्या मनाने नवा नकाशा काढा, तो तुमचा. दुसऱ्याचा नकाशा तसाच गिरवला तर तो तुमचा होत नाही.

काही चित्रकार क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने नकाशे खुले करतात. तिथली अक्षरं नीट वाचा. 'बीवाय' म्हणजे नाव द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका.

हे 'एनडी' आपल्याला अडतं. नकाशावरची इंग्रजी नावं काढून मराठी लिहिली, तर तोही बदलच. असा नकाशा दुसऱ्या शाळांना पाठवता येत नाही. म्हणून वर्गासाठी निवडताना कधी कधी साधा, पण बदल करू देणारा नकाशा देखण्या नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतो. २०२३ च्या जानेवारीत या खेळाचे मूळ नियम 'बीवाय' परवान्याने खुले झाले, पण पुस्तकांतले नकाशे त्यात नाहीत. नियम खुले म्हणून नकाशेही खुले, असं समजू नका.

आणि मुलांचे नकाशे?

चौथीतल्या मुलीने स्वतःच्या मनाने भुयाराचा नकाशा काढला, तर कायद्याने तिचीच मालकी. वही शाळेची असो की खडू आपला असो. त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तिला आणि पालकांना विचारा, आणि चालत असेल तर खाली तिचं नाव लिहा. "बाईंनी मला विचारलं" हे मूल घरी जाऊन सांगतं. दुसऱ्याच्या कामाला मान द्यायचा, हे ते इथेच शिकतं.

स्वाध्याय

१. चौकटीच्या वहीत पाच खोल्यांचा वाडा काढा. प्रमाण लिहा, खोल्यांना क्रमांक द्या.
२. त्याच वाड्याची खेळाडूंसाठी वेगळी प्रत करा. कोणत्या गोष्टी लपवल्या आणि का, ते सांगा.
३. नकाशाखाली आपलं नाव आणि इतरांनी तो कसा वापरावा, हे एका वाक्यात लिहा.