सुलट, उलट आणि उसवणं : विणकामातून मुलं काय शिकतात?



दिवाळी संपून जरा थंडी पडली की घरोघरी कपाटातल्या सुया बाहेर येतात. खरं म्हणजे आपल्या बऱ्याच गावांत स्वेटर वर्षातून महिना-दीड महिनाच अंगावर येतो. तरीही विणकाम टिकून आहे, आणि त्याचं मोठं श्रेय आपल्या बाळंतविड्याला जातं. घरात बाळ येणार म्हटलं की आजी, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणी ना कुणी टोपडं-मोजे विणायला घेतंच. आज या छंदातल्या गमती आणि कटकटी पाहू या. त्यातून मुलांच्या हाती काय देता येईल, याचाही विचार करू या.

एकच धागा

मराठीत मागावरही कापड 'विणतात' आणि सुयांवर स्वेटरही 'विणतात'. पण या दोन विणींत मोठा फरक आहे. मागावरच्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा लागतो. सुयांवरच्या विणीत मात्र एकच धागा फिरत राहतो आणि प्रत्येक फास खालच्या ओळीतल्या फासातून बाहेर येतो. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि परत जागेवर येतो. म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते. आणि म्हणूनच सगळं विणलेलं पुन्हा उसवता येतं. धागा तसाच शिल्लक राहतो.

मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. तेही खरं तर एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत. पुढून सुलट दिसतो, तोच मागून उलट. एवढ्या भांडवलावर जाळी, वेणी, पानं, चौकटी असे कितीतरी नमुने उभे राहतात. बाराखडी शिकवणाऱ्या शिक्षकांना याचं नवल वाटणार नाही!

सुख कशात आहे?

विणणाऱ्या माणसाला विचारा. नवी गुंडी हातात घेण्यात सुख आहे. नमुन्याची चौथी-पाचवी ओळ झाल्यावर पान अचानक 'दिसायला' लागतं, त्यात आहे. हात चालू आणि डोकं शांत, यात आहे. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळाली की पिशवीतून सुया काढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. दिवसभराच्या धावपळीत तेवढा अर्धा तास त्यांचा स्वतःचा असतो.

थोडा हिशोब करू. समजा, मुलाच्या स्वेटरची पाठ ८० टाक्यांची आणि १०० ओळींची आहे. म्हणजे ८,००० टाके. पुढचा भाग तेवढाच. एकेका बाहीचे ४,००० धरले तर एकूण २४,००० टाके झाले. मिनिटाला ३० टाके पडले तरी ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं लागतात. शिवणं, काजं, बटणं वेगळीच. 'बाजारात याहून स्वस्त मिळतो की!' असं म्हणणाऱ्याला हा हिशोब जरूर दाखवावा. बाजारात स्वेटर मिळतो, पण कुणी आपल्यासाठी दिलेले तेरा तास तिथे मिळत नाहीत.

आणि कटकट?

तीही भरपूर आहे. त्रेसष्ट, चौसष्ट असं मोजत असताना नेमकं कुणीतरी विचारतं, "चहा टाकतेस का गं?" झालं, पुन्हा एकपासून! एक गुंडी कमी पडते म्हणून दुकानात जावं, तर रंग तोच पण घाण्याचा लॉट वेगळा. घरी आल्यावर उजेडात सरळ पट्टा दिसतो. पहिली बाही उत्साहात होते, दुसरी मात्र आठवडाभर पिशवीत पडून राहते. तोवर ज्याच्यासाठी विणायला घेतलं ते बाळ रांगायला लागतं.

सुयांच्या नंबरांचीही गंमत आहे. आपल्याकडे जुनी इंग्लिश पद्धत चालते, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. मुलांना हे हमखास उलटं वाटतं.

सगळ्यात मोठी कटकट मापाची. नमुन्यात लिहिलेलं असतं, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके. छाती ८० सेंटिमीटर, म्हणून १७६ टाके घालायचे. पण विणणाऱ्याचा हात सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २० च टाके बसत असतील, तर त्याच १७६ टाक्यांचा घेर ८८ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांच्या फरकाने आठ सेंटिमीटर वाढले! त्रैराशिक कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना याहून चांगलं उत्तर नाही. म्हणून जाणती माणसं आधी हातभर नाही, पण वीतभर तुकडा विणून मोजून पाहतात.

उसवणं हाही विणकामाचाच भाग

आता मुख्य मुद्दा. दहा ओळी खाली एक टाका सुटलेला दिसतो. काय करायचं? तीन वाटा आहेत. क्रोशाच्या सुईने शिडीवरून एकेक फास वर आणायचा, दहा ओळी उसवायच्या, किंवा कुणाला दिसत नाही म्हणून पुढे जायचं. पण तो टाका पुढे धुण्यात आणखी सुटत जातो, हे विणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो उसास्सा टाकतो आणि सुई बाहेर काढतो.

पाटीवरचं पुसता येतं, पण पेनाने वहीत केलेली खाडाखोड कायमची राहते. मुलं चुकीला घाबरतात ती यामुळेही. विणकामात चूक डोळ्यांना दिसते, ती नेमकी कुठे झाली ते बोट ठेवून सांगता येतं, आणि दुरुस्तीची किंमत फक्त वेळ असते. लोकर वाया जात नाही. 'चुकलं' आणि 'संपलं' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मुलाला व्याख्यानातून पटत नाही. हाताने उसवून पुन्हा विणलं की पटतं.

वीण खोटं बोलत नाही

दुर्दैवाने नेमकी हीच गोष्ट आपण मोठी माणसं मुलांकडून काढून घेतो. कार्यानुभवाच्या वस्तू जमा होतात तेव्हा नीट पाहा. मफलरच्या पहिल्या बारा-पंधरा ओळी सैल, वाकड्या, कडेला एखादा टाका वाढलेला. तिथून पुढे एकदम यंत्रासारखी सारखी वीण. हात कुठे बदलला ते स्पष्ट दिसतं. रात्री अकरा वाजता आईने सुया हातात घेतलेल्या असतात. तिचा दोष नाही. गुण आम्ही तयार वस्तूला देतो, तारीख आम्ही ठरवतो, मग ती बिचारी काय करणार?

पण मुलाने त्या रात्री काय शिकलं? 'माझ्याच्याने होत नाही, आई करून देईल.' मफलरपेक्षा हे फार महाग पडतं.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा विचार मांडला. जर्मनीत श्टुटगार्टला १९१९ मध्ये सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेच्या परंपरेत मुलगे आणि मुली दोघंही लहानपणीच विणायला शिकतात. दोन्हीकडे भर वस्तूपेक्षा करण्यावर आहे.

"मुलग्यांना विणकाम कशाला?" हा प्रश्न पालकसभेत येतोच. त्याचंही उत्तर तयार ठेवा. पेरू देशातल्या तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणणं हे पुरुषांचंच काम आहे. विणकामाचं पहिलं यंत्र १५८९ च्या सुमारास विल्यम ली या इंग्लिश पाद्र्याने बनवलं. फास कसा पडतो ते बारकाईने पाहिल्याशिवाय ते जमलं नसतं.

करून पाहा

• सुरुवातीला जाड लोकर, ८ नंबरची सुई आणि फक्त २० टाके. सगळ्या ओळी सुलट विणाव्यात, म्हणजे कडा गुंडाळल्या जात नाहीत.

• गणिताच्या तासाला प्रत्येकाने आपला तुकडा पट्टीने मोजावा. लोकर, सुई आणि टाके सारखे असूनही रुंदी वेगळी का आली, यावर चर्चा करावी.

• विज्ञानाच्या तासाला अस्सल लोकर आणि अ‍ॅक्रिलिक यांचे दोन तुकडे गरम पाण्यात साबण लावून चोळावेत. अस्सल लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकून तुकडा आटतो आणि घट्ट होतो. अ‍ॅक्रिलिकचं तसं होत नाही.

• मराठीच्या तासाला वीण, टाका, गुंता, उसवणं हे शब्द घेऊन वाक्यं करावीत. नात्यांची वीण सैल पडते, मैत्री उसवते, गुंता सुटतो. हे शब्दप्रयोग कुठून आले ते हाताला कळलेलं असेल.

• गुण देताना वस्तू किती सुबक आहे हे पाहू नये. किती वेळा उसवलं आणि का, हे मुलाने दोन ओळींत लिहावं. त्याला गुण द्यावेत.

पालकांना एकच विनंती. मूल टाका सुटला म्हणून रडवेलं होऊन आलं, तर शेजारी बसा, टाका कुठे सुटला ते त्यालाच शोधू द्या. हवं तर स्वतःच्या सुया घेऊन बसा. त्याच्या सुया मात्र त्याच्याच हातात राहू द्या. पहिला पट्टा वाकडा येईल. तो तसाच शाळेत पाठवा, आम्हाला तोच हवा आहे.